पालखी आमच्या दारात

– नाय ओ मॅडम, येईल गाडी, का नाय येणार? ड्रायव्हर रत्नागिरीतून निघालो बोलला ना, मग झालं. शिमग्यात आमच्याकडे रस्त्यावर गाडीवाल्याचं काय चालत नाय, देवाचं चालतं. कुठल्या ना कुठल्या गावाची पालखी रस्त्यात असतेच – एसटी मागे उभी राहते, कंडक्टर खाली उतरून पाया पडतो, मगच डबल बेल. तुमची रेल्वे संध्याकाळची ना? मिळेल. बसा तुम्ही. केबिनात एकच खुर्ची आहे, वायच हलते, पण पाडत नाय कोणाला. मी? मी उभाच बरा. सवय आहे, आणि वरती तो डोळा आहे ना – नको, वर बघू नका – कॅमेरा आहे तो. साहेब घरी बसून मोबाईलवर बघतात, गेटवर कोण बसलाय, कोण तंबाखू मळतोय. मागे एकदा मी जांभई दिली तर दुसऱ्या दिवशी विचारलं, काय आत्माराम, झोप होत नाय का घरी? आता जांभईला काय रजा मागायची?

हसलात, बरं वाटलं. सकाळपासून तुम्हीच बोलताय, घसा बसला असेल, माठातलं पाणी घ्या. मी ऐकलं सगळं – म्हणजे गेट सोडून नाय हां, गेटवरूनच, तुमचा स्पीकर मोठा होता. छान बोललात. प्रत्येकाच्या श्रद्धेला कंपनीत जागा आहे – असंच काहीतरी ना? आवडलं मला. आत फ्रीजरात माकूल नि कोळंबी इतकी ठासून भरलेली असते की माणसाला वळता येत नाय, पण असेल, देवाला असेल जागा. नाय ओ, थट्टा कशाला करू? तुमची ती श्रद्धा-रजा चांगलीच आहे. पहिलं कोण देत होतं? मिरकरवाड्याच्या बायका येतात कोळंबी सोलायला, त्या नारळी पौर्णिमेला घरी राहिल्या की खाडा पडायचा. तुम्ही रजा काढलीत, त्यांनी यंदा केसात अबोली माळून, नवी लुगडी नेसून दर्याला नारळ दिला. मुसलमान पोरांना ईदची दिलीत – चंद्र उशिरा दिसला, तर साहेब बोलले, चालेल, उद्याची घ्या, चंद्राचं काय सांगता येतं? खरंच आहे. चंद्राचं सगळ्यांना कळतं. पेपरात येतं, टीव्हीवर येतं. आमच्या देवीचं पेपरात येत नाय.

– थांबा. ऐकलंत? नाय, तो कंप्रेसर, तो चालूच असतो, त्याच्या मागून ऐका. या माळाच्या, सड्याच्या खालून, काजूच्या झाडांच्या पलीकडून – आला ना आवाज? ढोल. आमच्या गावची पालखी ती. मी खालचाच. ही पाखाडी दिसते ना, गेटच्या बाजूने खाली उतरणारी, चिऱ्याच्या पायऱ्यांची – ती उतरलात की वाडी. वर्षभर आपण देवीच्या दारात जातो, शिमग्यात देवी आपल्या दारात येते. घरोघर. श्रीमंत नाय, गरीब नाय, ज्याचं दार उघडं त्याच्या अंगणात. बाया ओटी भरतात, घरधन्याने नारळ हातात द्यायचा, गुरव त्याच्या नावाने गाऱ्हाणं घालतो, बाकी गाव बोलतो, व्हय महाराजा. एवढंच. मुंबईतली माणसं त्याच्यासाठी रात्र-रात्र उभ्याने प्रवास करून येतात. तुम्हांला वाटेल वेडी आहेत. आहेतच.

आता बघा, ढोल संथ झाला – म्हणजे पालखी टेकली, ओटी भरतायत. आता वायच वेळाने जोर धरेल... हां, धरला. नाचवतायत. भागोजीच्या अंगणात आहे. कसं कळलं? त्याच्या घरामागे कातळ आहे, तिथे ढोल घुमतो, बाकी कुठे असा घुमत नाय. लहानपणापासून कान त्याच्यावरच आहेत, चुकणार कसे? भागोजी झाला की चिमाकाकीचं घर, ती आडवी वाट. चिमाकाकी म्हातारी आहे, बोलत बसेल देवीशी, तिथे वेळ जाईल. मग रस्ता ओलांडायचा, आणि मग – मग आमचं. रस्त्याला लागूनच. निळं दार. तुम्ही सकाळी त्याच्यासमोरूनच आलात, बघितलं नसेल.

मी का नाय गेलो? विचारणार हे माहीतच होतं. रजा नाय मिळाली असं बोलू नका हां कोणाला, मिळाली होती. पूर्ण रजा, पगारी, हसत हसत दिली साहेबांनी. तुमचा नियम काय? तारीख आधी सांगायची. बरोबर आहे, कंपनीला कळायला नको? गावकऱ्यांनी बैठक बसवून आमच्या वाडीचा दिवस ठरवला, मी येऊन ऑफिसात सांगितला. त्या दिवशी पहाटे उठलो, अंगण सारवलं – आता शेण कोण सारवतं, पण मी सारवलं – रांगोळी मला येत नाय, म्हणून चुन्याने नुसत्या रेघा ओढल्या. नारळ, खण, तांदूळ, सगळं ताटात. बसलो पायरीवर. ढोल वाजेना. उन्हं चढली तरी वाजेना. मग कळलं, मानकऱ्यांच्या घरचा म्हातारा सकाळीच गेला. त्यांना सुतक, म्हणजे पालखीला पहिला खांदा देणार कोण? गावाने ठरवलं, देवी सहाणेवर, गावच्या चौथऱ्यावर, बसून राहील, सुतक फिटलं की पुढच्या वाड्या. म्हातारा तरी काय करणार? त्याने काय तारीख आधी कळवायची होती ऑफिसात?

चूक माझी झाली ती पुढे. दुसऱ्या दिवशी आलो ड्युटीवर, साहेब गाडीतून उतरले, बोलले, काय आत्माराम, आली का देवी? – आता मी काय बोलणार? तुम्हीच सांगा. आमच्यात तांदूळ संपले तर संपले बोलत नाय, वाढले बोलतात. बांगडी फुटली बोलत नाय. आणि घरात देवी आली नाय, असं घरच्या माणसाने आपल्या तोंडाने बोलायचं? तेही माझ्या घराबद्दल? निघून गेलं तोंडातून – आली साहेब, यथासांग झालं सगळं. साहेब खूश. बोलले, बघ, रजा सत्कारणी लागली. मला वाटलं, झालं, विषय संपला. कुठला संपतोय? त्यांनी मुंबईला कळवलं. मघाशी तुम्ही बोललात ना स्पीकरवर – आपल्या एका साध्या वॉचमनने घरी देवीचं स्वागत केलं आणि तो समाधानाने कामावर परतला – टाळ्या पण वाजल्या – तो मी.

नाय नाय, सॉरी कशाला, तुम्हांला काय माहीत? मी तर इथे ताठ उभा राहिलो टाळ्या ऐकत. आता एकदा घरी येऊन गेलेल्या देवीसाठी परत रजा कशी मागू? रावजी – माझा जोडीदार, दुसऱ्या पाळीचा वॉचमन – त्याने आज घेतलीय. त्याच्या गावच्या देवीने तारीख पाळली. त्याच्या नशिबाची आहे ती, मी कशाला वाईट वाटून घेऊ? फक्त त्याची पाळी पण मलाच करायची आहे.

मुलगा आहे ना. अनिल. मुंबईला मॉलमध्ये असतो, माझ्यासारखाच, दारात उभा राहायचं काम. बोलला, बाबा, इकडे होळीची एकच सुट्टी, ती होऊन गेली, आता पालखीची कुठली? त्याला पण समजावता येत नाय त्याच्या साहेबाला. आमचं खानदानच दारात उभं आहे ओ, फक्त स्वतःच्या दारात कोण नाय.

– हां, भागोजीचं झालं. ढोल हलला. बघा, चाल बदलली.

घरात कोण आहे? कोण नाय. बायको होती, सखू. गेल्या साली शिमग्याच्या तोंडावर गेली. पोटाचं काहीतरी होतं, डॉक्टर बोलले वेळ झाला. म्हणून गेल्या साली पालखी आमच्याकडे नाय चढली – मयताच्या घरात वर्षभर सण नाय, गोडधोड नाय, दारात तोरण नाय. मी आतून ऐकत होतो, ढोल समोरून गेला. तेव्हा ठीक होतं, रीतच आहे. पण यंदा वर्ष झालं ना. वर्ष झाल्यावर पालखी येते, अंगणात नाचते, आणि घर मोकळं होतं. मोकळं म्हणजे – कसं सांगू – माणूस परत हसला तरी चालतं. चुलीवर पुरणाचं काहीतरी ठेवलं तरी चालतं. मी एकटा काय पुरण करणार, ते सोडा. पण चालतं, एवढं कळायला हवं ना कोणीतरी. मी वर्षभर त्या घरात रेडिओ नाय लावला. लोक गाऱ्हाण्यात नोकरी मागतात, मूल मागतात. मी काय मागणार नव्हतो. फक्त बोलणार होतो, सखू गेली, दार उघडं आहे, ये.

दार उघडं आहे, असं. आणि चावी ही इथे, शर्टाच्या खिशात.

कोणाकडे द्यायची चावी? बाबल्या आहे, माझा चुलतभाऊ, भिंतीला भिंत. पण सखूच्या दिवसांपासून बोलणं नाय आमचं. कशावरून? बांधावरच्या रातांब्यावरून, कोकमाच्या झाडावरून. हसू नका, रातांबा मोठा आहे. आणि नुसतं कुलूप उघडून काय होतं? घरधनी उंबऱ्यात हवा. म्हणून मी सगळं नीट ठरवलं होतं – दुपारनंतर गेटवर कोण नसतं, गाड्या सगळ्या सकाळी भरून जातात, साहेब पण जाणार होते. ढोल चिमाकाकीकडे पोचला की पाखाडी उतरायची, दार उघडायचं, नारळ द्यायचा, पाया पडायचं, परत वर. गेलो नि आलो. कोणाला कळलं नसतं. कॅमेऱ्यात कळलं असतं तर बोललो असतो, पोटात कळ आली. आणि मग काल साहेबांनी सांगितलं की मुंबईच्या मॅडम येतायत, सणांच्या रजेवर बोलायला, त्या गेटबाहेर पडेपर्यंत जागेवरून हललास तर कॉन्ट्रॅक्टरला सांगून उद्यापासून दुसरा माणूस...

काय नाय, काय नाय. असंच बोललो. तुमच्यामुळे असं कुठे बोललो मी? तुम्ही पाहुण्या. पाणी संपलं का? अजून देऊ?

साहेब कुठे गेले जेवण झाल्यावर? ते त्यांच्या गावी. त्यांची पण पालखी आज. नाय, त्यांना कोण विचारणार रजा? त्यांचा फोन लागायचा नाय तिकडे, डोंगरात आहे गाव. नका लावू. आमचे फोन? ते साहेबांच्या खणात, ड्युटीवर फोन नाय ठेवायचा. साहेब गेले, खणाला कुलूप.

चिमाकाकीकडे आहे आता. ऐका, किती वेळ वाजतोय संथ. म्हातारी सोडत नाय देवीला. बरं आहे. बोल काकी, अजून बोल.

– वाजतोय तुमचा. ड्रायव्हर असेल. घ्या.

– काय बोलला? आला ना जवळ? अडकलाय? ... पालखी रस्त्यात उभी आहे. कुठे? ... पुढे का सरकत नाय, विचारा ना त्याला. बंद घरासमोर? नाय मॅडम, चुकतोय तो. बंद घरासमोर पालखी थांबत नाय. कुलूप दिसलं की ढोल न थांबवता पुढे जायचं, रीत आहे, माझ्या स्वतःच्या खांद्यावर पालखी असताना गेलोय मी पुढे. परत विचारा. दार कुठल्या रंगाचं आहे विचारा.

निळं.

थांबलेत? माझ्यासाठी? ... हां, ढोल नाय वाजत. मला वाटलं वारा फिरला. आणखी काय बोलतोय तो? एक माणूस पालखीच्या पुढे आडवा उभा आहे, हात जोडून – डोक्याला लाल टॉवेल बांधलाय का, विचारा – आणि ओरडतोय, पाच मिनिटं थांबवा, येईल तो, इथे वरच्या कंपनीत आहे, येईलच. लाल टॉवेल. बाबल्या आहे तो. अरे बाबल्या. रातांब्यासाठी कोयता घेऊन उभा होता माझ्यासमोर, मॅडम. हाच. त्याच जागेवर. आता हात जोडून उभा आहे. याला कोणी सांगितलं होतं?

– काय? जाऊ? तुम्ही थांबता गेटवर?

नाय, ऐकलं मी. बोललात तुम्ही, जा म्हणून. खरंच बोललात, मनापासून, ते कळतंय मला. बसा, बसा तुम्ही, उठू नका खुर्चीतून. पण साहेब उद्या रेकॉर्डिंग बघतील, कॅमेऱ्यात काय दिसेल? मुंबईच्या मॅडम गेटवर उभ्या आणि वॉचमन गायब. तुम्ही सांगाल साहेबांना, मीच पाठवला. सांगाल, आणि साहेब तुमच्यासमोर बोलतील, हो हो, बरोबर केलंत. मग तुम्ही मुंबईला जाल. आणि मी इथे. आत अमोनियाच्या टाक्या आहेत, एक काय झालं तर? नाय होत रोज काय, पण ज्या दिवशी मी नसेन त्याच दिवशी होणार, माझं नशीब मला माहीत आहे. आणि त्यांना काय सांगायचं – आली होती असं मी बोललो, ती देवी आज परत आली? साहेब बोलतील, आत्माराम, खोटं बोलून रजा खाल्लीस. खाल्लीच की. तुमच्या टाळ्या पण खाल्ल्या. अनिल दर फोनला विचारतो, बाबा, नोकरी आहे ना? आहे बोललो की त्याला बरं वाटतं. या वयात मला दुसरं दार कोण देणार राखायला?

उतरायला कितीसा वेळ लागतो? काय नाय लागत. पोरगा असताना मी ही पाखाडी डोळे मिटून उतरायचो. चप्पल पण घातलीय मी आज, बूट नाय घातले. सकाळीच चप्पल घालून आलो, उतरायला बरी म्हणून. बघा.

– नाय. नको.

एक काम करा, मॅडम. तुमचा ड्रायव्हर तिथेच उभा आहे ना? लावा त्याला फोन. त्याला सांगा, खाली उतर, त्या लाल टॉवेलवाल्याकडे जा आणि बोल – काय बोल? – बोल, आत्माराम येत नाय. थांबू नका. पुढची घरं राहिलीत अजून, उन्हं उतरायला लागलीत, खांदेकरी सकाळपासून उपाशी आहेत. गणूच्या घरी सुनेला दिवस गेलेत, ती उभी असेल ताट घेऊन केव्हाची. एका माणसासाठी देवीला रस्त्यात ताटकळत ठेवायची का? माझी लायकी आहे का तेवढी? सांगा त्याला. देवीला पुढे न्या म्हणावं. आणि बाबल्याला सांगा – नाय, त्याला काय नको. नुसतं त्याच्या पाठीवर हात ठेव म्हणावं. ड्रायव्हरला विचित्र वाटेल, पण ठेव म्हणावं.

सांगितलंत? ... कळलं त्याला? ... बरं.

हे बघा, हा कंप्रेसर. दिवसरात्र चालतो. बंद पडला तर मासळी कुजते. मासळीला वेळ नाय बघा थांबायला.

– लागला.

ढोल लागला. ऐकलंत ना? चाल ऐका – पुढे जायची चाल आहे ही. नाचवायची नाय. आमच्या अंगणात नाय गेले ते, रस्त्यावरूनच... वळले. आता गणूकडे. आता इथून आवाज लागत नाय नीट, मध्ये आंब्याची बाग आहे.

रडत नाय ओ, ही धूळ असते सड्यावर, वारा सुटला की. तुम्ही कशाला डोळे पुसताय? तुमची काय चूक? तुम्ही रजा दिलीत की. रजा होती, देवी नव्हती. आज देवी होती, मी नव्हतो. तुम्ही मुंबईत गेलात की पुढच्या वर्षाचं काहीतरी कराल, तारीख बदलता येईल असं काहीतरी, माहीत आहे मला. करा. रावजीच्या पोराला होईल उपयोग. मला काय – पुढच्या वर्षी वर्ष झालेलं घर नसेल ना ते. ते वर्ष एकदाच होतं.

– तो बघा. हॉर्न. आली तुमची गाडी, रस्ता मोकळा झाला. मी बोललो नव्हतो, येईल म्हणून? द्या ती बॅग, मी ठेवतो. पायाखाली बघा, इथे चिरा वर आलाय. रेल्वे मिळेल तुम्हांला, आरामात मिळेल.

आणि साहेबांना काय सांगू नका हां. त्यांनी उद्या परत विचारलं, काय आत्माराम, देवी आली होती ना घरी – तर आता मला खरं सांगता येईल. आली होती साहेब. दारात उभी होती.

– हां, घे रे मागे, अजून मागे. बस. बस बोललो ना. – चला मॅडम, निघा तुम्ही. गेट लावायचं आहे मला.